पोट शेवटी उतरतं

३ फेब्रुवारी

दादा,

फोन केला की तुझा कारकून सांगतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. म्हणून हे पत्र. मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे त्याच्यावर आवक-जावकचा शिक्का बसणार नाही आणि तू ते बूट काढता काढता वाचशील.

काल आमच्या बस डेपोत सगळ्या चालकांची वजनं झाली. कुठे, तर वर्कशॉपसमोर, उघड्यावर, पार्सलच्या काट्यावर. ज्याच्यावर पोती न् खोकी ठेवतात, त्याच्यावर. कारकून आकडा मोठ्याने ओरडणार, दुसरा लिहून घेणार. माझी पाळी आली तसे बसखाली आडवे झालेले मेकॅनिक बाहेर आले. एक म्हणाला, "बाई, मधोमध उभ्या राहा, नाहीतर काटा कलंडेल." सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर रडले असते.

संध्याकाळी आदेश लागला. वजन मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या चालकांना, ते मर्यादेत येईपर्यंत, गाडी देऊ नये. खाली आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याची सही. तुझी सही मी कुठेही ओळखीन. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तूच करायचास.

इतकी वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. आता मला 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसवलंय. छत्र्या, डबे आणि कुणाची तरी दातांची कवळी, हे माझं राज्य. गाडीवर निदान स्टिअरिंग फिरवून हात तरी हलायचे. बसवून ठेवून बारीक करायची ही कुठली युक्ती, ते जरा समजावून सांग.

आणि हेही सांग, डेपोतलं कँटीन बंद करून तिथे बिस्किटं न् गोड बाटल्या देणारं मशीन कुणी बसवलं? शेवटच्या थांब्यावर तळणीच्या गाडीशिवाय काही मिळत नाही. बायकांना तिथे संडास नाही म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही, आणि ड्यूटी संपली की त्या गोड बाटलीवर तुटून पडतो. हे तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं?

तुझी चिमणी
(नाव आता बदलायला हरकत नाही.)


१५ फेब्रुवारी

चिमणे,

पत्र बूट काढतानाच वाचलं. एक बूट तसाच पायात राहिला.

उघड्यावर वजनं करायला मी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल डेपोला कडक पत्र गेलं आहे. पण आदेश माझाच आहे आणि तो मी का काढला, ते तुला माहीत असायला हवं. गेल्या वर्षी घाटात एका चालकाचं हृदय स्टिअरिंगवरच बंद पडलं आणि बस कठडा तोडून खाली गेली. मला तिथे जावं लागलं. कपड्यांवरून माणसं ओळखायचं काम चाललं होतं. तो चालक तुझ्यामाझ्यासारखाच गमत्या होता म्हणे. वजन अफाट, रक्तदाब, साखर, आणि कुणी कधी तपासलेलं नाही. वजनाचं दुखणं आता एकट्यादुकट्याचं राहिलेलं नाही. ते सगळ्या गावाचं झालं आहे.

तू म्हणतेस ते सगळं मी प्रस्तावात लिहिलं होतं. कँटीन, संडास, जेवायला पुरेशी सुट्टी, गोड पेयांवर बंधन, वर्षातून एकदा पूर्ण तपासणी. प्रस्ताव वर गेला आणि खाली आला तेव्हा त्यातला काटा तेवढा शिल्लक होता. काहीच नसण्यापेक्षा काटा बरा, असं मला वाटलं. म्हणून सही केली. बहिणीसाठी अपवाद करता येणार नाही, हे तुलाही कळतं.

तेव्हा आता हट्टाला पेट. गोड बाटली बंद. रोज चाल. रात्रीचं जेवण हलकं. आणि जे होईल ते मला कळवत जा. आदेश खात्याचा असला तरी मी तुझा भाऊच आहे.

मेहुण्यांना नमस्कार.

दादा


२० एप्रिल

दादा,

तुझ्यावर राग धरून बसायचं ठरवलं होतं, पण चालायला लागल्यावर रागाला दम पुरत नाही.

रोज सकाळी कालव्याच्या कडेने जाते. बरोबर आमची गडगडी असते. ही माझ्या गाडीवरची कंडक्टर. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेलाही तिकीट काढतो. ती माझ्याहून जाड, पण कंडक्टरांना आदेश नाही, म्हणून ती निव्वळ माझ्या प्रेमापोटी घाम गाळते. धापा टाकत टाकत ती गावातल्या सगळ्यांच्या कुंडल्या मांडते आणि मी हूं हूं करते.

गोड बाटली सुटली. पहिले काही दिवस डोकं असं दुखलं की मी ह्यांच्यावर विनाकारण खेकसले. हे शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर करत नाहीत, तुला माहीतच आहे. नुसतं म्हणाले, "बाटलीशी भांडण आहे ना, मग तिच्याशी भांड."

काटा हलला, दादा. थोडाच, पण हलला. ह्यांनी गणवेश खांद्यात आणि बाह्यांत आत घेतला आणि टाचण्या तोंडात धरून हसले. टाचण्या तोंडात असताना हसणारा शिंपी मी पहिल्यांदाच पाहिला.

चिमणी


११ जून

दादा,

आता तर काटा माझ्यावर खूशच झालाय. काही न करता उतरतोय. दोन घास खाल्ले की पोट गच्च. पूर्वी मी ताट पुसून घ्यायची, आता ताटाकडे पाहिलं तरी नको वाटतं. डेपोत बायका विचारतात, काय खातेस? मी म्हणते, भावाचे शब्द.

एकच गंमत आहे. हात वाळले, मान बारीक झाली, गालांची हाडं दिसायला लागली, पण पोट काही हलत नाही. उलट घट्ट झाल्यासारखं वाटतं. कंबरही धरते. डेपोच्या डॉक्टरला सांगितलं. त्याने कागदावरून मान वर न करता सांगितलं, "पोटावरची चरबी सगळ्यात शेवटी जाते. चालू ठेवा." हे म्हणतात, दुसऱ्या कुणाला दाखवू या. मी म्हटलं, माझा भाऊ डॉक्टर नाही तर काय न्हावी आहे?

तू सांग. तसं मला काही होत नाहीये. नुसती दमते.

चिमणी


२४ जून

चिमणे,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं! नाव न घेता, पण सगळे टाळ्या वाजवत होते. शाब्बास. मी इतकी वर्षं लोकांना जे सांगत आलो ते माझ्याच घरात कुणीतरी करून दाखवलं, ह्याचा मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येत नाही.

दोन घासांत पोट भरतं, हे उत्तम लक्षण. जठराला सवय लागली. दमणं साहजिक आहे, शरीर साठवलेलं वापरतंय. आणि डेपोचे डॉक्टर बरोबर सांगतात. पोट शेवटीच उतरतं. घाबरून आता सोडू नकोस.

एक विनंती. खात्याची मोहीम सुरू होतेय आणि पोस्टरसाठी आम्हाला नटनट्या नकोत, खरी माणसं हवीत. तुझा फोटो काढायला माणूस पाठवू का? गणवेशात, बसपाशी उभी. लोक तुझ्याकडे पाहून शिकतील.

दादा


३० ऑगस्ट

दादा,

मला गाडी मिळाली!

काटा केसभर मर्यादेच्या आत आला आणि त्याच दिवशी किल्ली हातात. सीटवर बसले, आरसा नीट केला आणि उगाचच हॉर्न वाजवला. गडगडी मागून ओरडली, "निघा आता, का आरती ओवाळू?" सगळी गाडी हसली.

पोस्टर मात्र जिकडे तिकडे लागलंय. थांब्यावर, दवाखान्याच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर. 'मी करून दाखवलं. आता तुमची पाळी.' मी असं काही म्हटलेलं मला आठवत नाही, पण फोटो छान आलाय. गालांत खड्डे पडलेत, पण तेच आता सुंदर दिसतं म्हणे.

एक सांगू का? ह्यांनी काल पुन्हा गणवेश दुरुस्तीला घेतला. खांद्यात आत घेतला आणि कमरेत बाहेर काढला. माप घेताना टेप दोनदा लावून पाहिली. मग विचारलं, "हे असं कसं?" मला सारखं लघवीला जावं लागतं, आणि शेवटच्या थांब्यावर काय सोय आहे ती तुला मागे लिहिलीच होती. रात्री कुशीवर वळवत नाही.

हे फारच मागे लागलेत, मोठ्या दवाखान्यात चल म्हणून. पण तिथे गेले की रजा, रजा टाकली की गाडी दुसऱ्याला. आत्ता कुठे मिळालीय. तू म्हणशील तर जाते. नाही म्हणालास तर ह्यांना तुझं पत्र दाखवते, म्हणजे गप्प बसतील.

चिमणी


१२ सप्टेंबर

चिमणे,

घाईत लिहितोय. मोहिमेचा अहवाल उद्या वर जायचाय.

तुझं वय पाहता ह्या तक्रारी बऱ्याच बायकांना असतात. पाळी जायच्या सुमारास पोट सुटतं, झोप बिघडते. वजन आणखी थोडं उतरलं की आराम पडेल. मोठ्या दवाखान्यात जायला माझी ना नाही, पण लगेच घाई करण्यासारखं काही दिसत नाही. मेहुण्यांना सांग, काळजी करू नका.

पोस्टरचं वर फार कौतुक झालं. तुझ्याचमुळे.

दादा


९ ऑक्टोबर

दादांना नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. लिहायचं ते सगळं तुमची बहीणच लिहिते. आज तिला लिहवत नाही, म्हणून मी.

सोमवारी तिने भर रस्त्यात गाडी कडेला घेतली. हळूच घेतली, दिवे लावले, हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि गडगडीला म्हणाली, "सगळ्यांना उतरव, मला उठवत नाहीये." पॅसेंजरांना वाटलं गाडी बिघडली. एकाने उशीर झाला म्हणून आरडाओरडा केला. गडगडीने त्याला काय ऐकवलं ते मला इथे लिहिता येत नाही. तिनेच तिला पाठीवर घालून रिक्षात बसवलं.

दवाखान्यात तिच्या पोटातून पाणी काढलं. बादलीत पडताना मी ते पाहिलं. ज्याला सगळे चरबी म्हणत होते ते पाणी होतं. बीजकोशाचा कर्करोग आहे आणि तो पोटभर पसरलाय. तिथल्या डॉक्टर तरुण आहेत, चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "पोट कधीपासून वाढत होतं?" मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. "खाणं कधीपासून कमी झालं?" तेव्हापासूनच. "मग कुणाला दाखवलं नाही?"

दादा, मी काय सांगणार होतो? दाखवलं होतं. डेपोच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, तुम्हाला लिहिलं होतं. मी म्हटलं, राहून गेलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बायकोकडे लक्ष न देणारा नवरा आहे. तसाच असेन. टेप माझ्या हातात होती. माप मला दिसत होतं. मी तुमचं पत्र वाचलं आणि गप्प बसलो.

ऑपरेशन झालंय. सगळं काढता आलं नाही. तुम्ही यावं असं मला वाटतं. तिने काही सांगितलेलं नाही.


१४ नोव्हेंबर

चिमणे,

त्या दिवशी येऊन गेलो, पण बोलता आलं नाही. वॉर्डात सगळे ओळखत होते, साहेब साहेब करत होते. मी तुझी फाइल वाचत उभा राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

मी स्वतःला दोष देतोच आहे. पण तुला तपासायला मी समोर नव्हतो, पत्रावरून निदान होत नाही, हेही खरं आहे. आणि हा आजार लबाड असतो. आधी कळला असता तरी नक्की काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. हे मी तुला नाही, स्वतःला सांगतोय असं तू म्हणशील. म्हण.

पोस्टर काढून टाकण्याबद्दल वर बोललो. छपाई आणि लावण्याचा करार वर्षअखेरपर्यंतचा आहे. मधेच काढले तर कारण द्यावं लागेल आणि कारण दिलं तर मोहीमच बदनाम होईल. मग जे थोडंफार होतंय तेही बंद पडेल. थोडा धीर धर.

आणखी एक. पुढच्या महिन्यात आमच्या खात्याची परिषद आहे. तिथे तुझी हकिगत मांडावी असं माझ्या मनात आहे, म्हणजे इतर डॉक्टर सावध होतील. अर्थात ओळख न देता. 'एक मध्यमवयीन महिला चालक' एवढंच. पत्रांचा उल्लेख नसेल. तुझी संमती हवी. परिषद आटोपली की सवडीने तुझ्याकडे येतो, चार दिवस राहतो.

दादा


२ डिसेंबर

दादा,

हे पत्र मी पाच-सहा बैठकांत लिहितेय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. औषधाने बोटांची टोकं बधिर झालीत.

केस गेले. भूक तर आधीच गेली होती. मला आता हातगाडीसारखं ढकलत नेतात. परवा ह्यांच्याबरोबर रिक्षात बसून औषध घ्यायला निघाले, तर चौकात एका बाईने मला ओळखलं. धावत आली. रिक्षाच्या दांडीला धरून म्हणाली, "ताई, तुम्ही त्या पोस्टरवरच्या ना? आणखी बारीक झालात हो! आम्हालाही सांगा ना, काय करता ते." चांगली बाई होती, घामाघूम झालेली, हातात चालायचे बूट. ह्यांनी तोंड फिरवलं. मी तिला म्हटलं, "आधी पोट तपासून घ्या." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आता तुझ्या परिषदेचं. वजनाचं दुखणं खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. आमच्या बायकांचे गुडघे मी पाहिलेत, त्या घाटातल्या चालकाचं तू लिहिलंस तेही मी विसरले नाही. गोड बाटली सोडली ते बरंच केलं. पण काटा आला आणि बाकीचं सगळं बंद झालं, दादा. मी दारातून आत शिरले की डॉक्टरला माझं वजन आधी दिसायचं. ते दिसलं की त्याचं काम संपायचं. आणि ते उतरायला लागलं तेव्हा तर सगळे टाळ्याच वाजवायला लागले, मग विचारणार कोण? मीसुद्धा वाजवत होते. दुखत होतं ते तुला निम्मंच लिहिलं, कारण तू खूश होतास. लहानपणापासून तू माझ्यावर असा कधी खूश झाला नव्हतास.

संमती पाहिजे म्हणतोस. देते. पण 'एक मध्यमवयीन महिला चालक' म्हणून नाही. माझी बहीण, असं म्हण. तिने मला हे हे लिहिलं आणि मी तिला हे हे उत्तर दिलं, असं म्हण. माझी पत्रं तुझ्याकडे आहेत, तुझी माझ्याकडे. हवी असतील तर पाठवते. तेवढं जमणार नसेल तर मला त्यात घालू नकोस. एकदा पोस्टरवर लावलंस, तेवढं पुरे झालं.

सोमवारी डेपोत पुन्हा वजनं होती. ह्या वेळी आत, पडद्याआड. तुझ्या कडक पत्राचा एवढा उपयोग झाला. कंडक्टरांनाही आता आदेश लागू झालाय, म्हणून गडगडी रांगेत होती. मी ह्यांना म्हटलं, मला तिथे न्या. हे नको नको म्हणत घेऊन आले. मी बाकावर बसले. गडगडी काट्यावर चढली, उतरली, आणि डॉक्टरला म्हणाली की जिना चढताना छातीत काहीतरी होतं. त्याने मान खाली घालूनच सुरुवात केली, "वजन कमी—"

मी म्हटलं, "आधी तपासा."

तो म्हणाला, "आपण कोण?"

मी डोक्यावरचा रुमाल काढला. त्याने डोक्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ओळखलं. खुर्चीतून उठला. गडगडीला झोपवून त्याने छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं, पायांवरची सूज पाहिली. पहिल्यांदाच, दादा. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला त्या टेबलावर झोपवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. टेबलावर धूळ होती. हृदयाच्या तपासणीला चिठ्ठी दिलीय. काय निघेल कुणास ठाऊक. काही निघालं नाही तर ती मला जन्मभर ऐकवेल, एवढा जन्म माझ्याकडे आहे का ते बघावं लागेल.

बाहेर येताना ती रडत होती. तिचा रडायचा आवाजही तसाच, सगळ्या डेपोला ऐकू जाईल असा.

तुझ्यावर मी रागावलेय. हा राग मेल्यावरही जाईल असं वाटत नाही. तू पत्रात 'पत्रावरून निदान होत नाही, हेही खरं आहे' असं लिहिलंस, ते वाक्य मी ह्यांना पुन्हा पुन्हा वाचायला लावते. ह्यांना नाही आवडत. मला तरी कुठे आवडतं, पण त्यात तू घाबरलेला दिसतोस, म्हणून तेच तुझं सगळ्यात खरं वाक्य आहे. बाकीची तू खात्यासाठी लिहितोस.

परिषद आटोपली की सवडीने येतो म्हणतोस. ये. दार उघडं आहे, हे तुला जेवायला वाढतील, भांडणार नाहीत. पण तुझी सवड होईपर्यंत थांबणं माझ्या हातात नाही, तेवढं समजून काय ते ठरव.

तुझी बहीण